पाटीची मागची बाजू

१

दाराशेजारी भिंतीवर लावायच्या नावाच्या पाट्या कोरणं हा माझा धंदा. बहुतेक पितळेच्या, क्वचित लाकडाच्या. एक्कावन्न वर्षं झाली. माझी शाळा चौथीत सुटली. पुढची अक्षरं मी कागदावर नाही, पितळेवर शिकलो. त्यामुळे लिहिताना हात सावकाश चालतो, तेवढं सांभाळून घ्या.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. खिडकीशी टेबल, टेबलाला पाटी आवळून धरायचा शिकंजा, भिंतीवर कोरण्यांची रांग. शेजारच्या गाळ्यात किल्ल्या बनवणारा बसतो. आम्ही एकाच वर्षी धंद्याला लागलो. मला नावाने हाक मारणारा आता तो एकटाच उरला आहे. बाकी सगळ्यांचा मी बाबा, नाहीतर काका.

काम रोज एकाच पद्धतीने चालतं. पाटी कापून, घासून झाली की ती आधी शिकंज्यात उलटी धरायची. कोरणीला नुकती धार लावलेली असते. ती नीट लागली की नाही हे मागच्या बाजूला चार अक्षरं काढून बघायचं आणि मगच पाटी सुलटी करायची. मागची बाजू भिंतीला चिकटणार, ती कोण बघतंय? पण तिथे वाटेल ते कोरायचं नाही, असा माझ्या वस्तादांचा दंडक होता. त्यांनी मला एक नाव दिलं होतं. तेच कोरायचं. पुरुषाचं नाव, छोटंसंच. त्यात एक पूर्ण गोल आहे, एक लांब उभी रेघ आहे आणि शेवटी आत वळणारा आकडा आहे. एवढं साफ निघालं की हत्यार पुढे कुठेच अडत नाही.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. विचारलं, "हे कुणाचं नाव?"

"कुणाचंच नाही. म्हणून तर तेच कोरायचं," वस्ताद म्हणाले. "जित्या माणसाचं नाव भिंतीकडे तोंड करून लावू नये. ह्या नावाचा कुणी झालेला नाही. कुणाला लागणार नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या वस्तादांनी. आता तोंड बंद ठेव आणि हात चालव."

मी हात चालवला. एक्कावन्न वर्षं चालवला. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते कोरत राहिलो हीच माझी चूक झाली.

२

पाच वर्षांपूर्वी एक तरुण बाप दुकानात आला. मुलाच्या खोलीच्या दाराला छोटी पाटी हवी होती. त्याने चिठ्ठी पुढे केली. मी वाचली आणि पहिल्यांदा वाटलं, ह्याने माझी एखादी पाटी काढून मागून बघितली असणार आणि आता माझी गंमत करतोय.

"हे नाव कुठून काढलंत?" मी विचारलं.

"सुचलं हो, काका. बायको आणि मी दोन महिने भांडत होतो. एक दिवस दाराला कुलूप लावता लावता दोघांच्या तोंडी एकदमच आलं. वेगळं आहे ना? कुणाचंच नाही असं."

"हो," मी म्हटलं. "कुणाचंच नाही."

पाटी कोरायला घेतली. आधी उलटी धरली, सवयीने तेच नाव काढलं. मग सुलटी करून पुन्हा तेच काढलं. माझ्या हातून कधी नाही ते पुढचं अक्षर किंचित तिरकं गेलं. डोळ्याने दगा दिला असं मी स्वतःला सांगितलं. वय झालंच होतं.

त्या वर्षी त्या नावाच्या तीन पाट्या गेल्या. पुढच्या वर्षी नऊ. प्रत्येक आई-बापाचं म्हणणं एकच, असं नाव दुसऱ्या कुणाचं नाही, आम्हालाच सुचलं. मी सुरुवातीला सांगायचो की अहो, परवाच एक नेली. लोकांना ते आवडायचं नाही. एक बाई तर चिठ्ठी ओढून घेऊन गेली.

किल्लीवाल्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "अरे, फॅशन असते. आमच्या वेळी एका वर्गात माझ्या नावाचे सातजण होते. गुरुजींनी एकाला हाक मारली की सात जणांना मार बसायचा. तू पाट्या विक आणि गप बस."

त्याचं खरंच असावं, असं मलाही वाटलं. नाव एकाचं ऐकून दुसरा ठेवतो, त्यात नवल काय? फक्त एक गोष्ट खटकत राहिली. फॅशन निघते ती कुणाकडून तरी निघते. ह्या नावाचा पहिला कुणीतरी असायला हवा होता. आणि तो सापडत नव्हता.

३

ह्या वर्षी माझी मुलगी बाळंत होणार होती. ती आणि जावई माझ्याकडेच राहतात. बाळासाठी तिने सातव्या महिन्यातच नाव ठरवून ठेवलं होतं. साधं, जुनं, माझ्या सासऱ्यांचं. माझी बायको असती तर तिला फार बरं वाटलं असतं. मला त्या दुसऱ्या नावाची काळजी करायचं कारण नव्हतं. तरी मी एक दिवस दुकान बंद ठेवून जन्मनोंदणीच्या कचेरीत गेलो.

तिथला कारकून ओळखीचा. त्याच्या घराची पाटी माझीच. तरी त्याने मला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर आणि वरून परत त्याच्याच खिडकीवर पाठवलं. दीड तास गेला. शेवटी मी काचेवर बोट वाजवलं.

"अरे बाबा, एक नाव बघायचंय. पहिल्यांदा कधी आलं, एवढंच."

"काका, नावावरून शोधता येत नाही. तारीख सांगा."

"तारीखच तर शोधतोय."

"मग तारखेशिवाय कसं शोधणार?"

मी कपाळाला हात लावला. त्याला दया आली असावी. त्याने संगणकावर काहीतरी खटपट केली आणि भुवया वर केल्या.

"सहा वर्षांपूर्वी एक. त्याआधी एकही नाही. अगदी एकही नाही. मग तीन, अकरा, सव्वीस... गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव. बापरे. ह्या वर्षी तर यादीत दुसरा नंबर आहे."

"पहिल्याचा पत्ता?"

पत्ता द्यायचा नसतो, असं म्हणत त्याने पडदा माझ्याकडे वळवला. मी वाचला. मग खालचे वाचले. प्रत्येक घर मला ठाऊक होतं. दार कुठल्या रंगाचं आहे आणि स्क्रू किती लांबीचे लागले, तेसुद्धा.

"ही सगळी माझ्या पाट्यांची घरं आहेत," मी म्हटलं.

"काका, अर्ध्या शहराच्या दारावर तुमचीच पाटी आहे. त्यात काय एवढं? चला, मागे रांग लागलीय."

त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. चूक नव्हती म्हणूनच मला राग आला. घरी चालत येताना मी दोन्ही बाजूंच्या दारांवरची माझीच अक्षरं बघत आलो. आयुष्यात पहिल्यांदा मला ती सगळी माणसं पाठमोरी उभी असल्यासारखी वाटली.

४

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पाटी फुकट घासून देतो असं सांगितलं, तेव्हा त्या घरच्या सुनेने दार उघडलं. मुलगा शाळेत गेला होता.

मी चारही स्क्रू सोडवले. पाटी तेवीस वर्षं तिथे होती. मागे धूळ असणार, कोळ्याचं जाळं असणार, पितळ काळं पडलेलं असणार. हाताने उलटी केली आणि उन्हात धरली.

मागची बाजू लखलखत होती. मी कोरलेलं नाव होतं, पण त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पुढच्या बाजूला असं होतं. बायका आठवड्याला पाटी पुसतात, जाणारे-येणारे बोट फिरवतात, वर्षानुवर्षांनी अक्षराची धार मरते. हाताचा स्पर्श लागल्याशिवाय पितळ तसं झिजत नाही. मागे तर बोट शिरायलाही फट नव्हती. भिंतीवर पाटीएवढा चौकोन स्वच्छ होता. एक कण धूळ नव्हती.

ओल असेल, असं मी मनात म्हटलं. चुन्यात काहीतरी असेल. पण ओल पितळेला हिरवं करते, गुळगुळीत करत नाही, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलेलं.

"आत या ना, चहा घ्या," सून म्हणाली.

आतल्या खोलीत तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची कॉट नेमकी त्याच भिंतीला लावलेली, जिच्या बाहेरच्या बाजूला पाटी. त्यांना आता कुणी ओळखू येत नाही, असं सून हळू आवाजात म्हणाली. स्वतःच्या मुलालासुद्धा नाही.

"गंमत म्हणजे माझ्या मुलाचं नाव सासूबाईंनीच ठेवलं. पोटात होता तेव्हापासून त्या नावाने हाक मारायच्या. कुठून काढलं देव जाणे."

मी कॉटजवळ खाली बसलो. "आजी, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं स्पष्ट बघितलं.

"कुणी कशाला सांगायला हवं?" त्या म्हणाल्या. "तो स्वतःच सांगतो की. रोज सांगतो. बिचाऱ्याला फक्त नावच आहे." आणि त्यांनी हात उचलून भिंतीवर तळवा ठेवला, मुलाला थोपटतात तसा.

चहा तसाच राहिला. मी पाटी परत लावली. स्क्रू बसेनात. दोनदा हातातून पडले. सून म्हणाली, "राहू द्या हो काका, हे आल्यावर लावतील." मला तेवढंही धड जमलं नाही.

नंतर आठवडाभर मी दारोदार फिरलो. पाटी काढून द्या, मागून घासून परत देतो, पैसे नकोत. दोघांनी दार लावून घेतलं. एकाने आपल्या मुलाला फोन करून विचारलं की ह्या म्हाताऱ्याच्या घरच्यांचा नंबर आहे का. किल्लीवाला म्हणाला, "लोक मला विचारतात तुझं डोकं ठिकाणावर आहे का. मी कुणाकुणाला खोटं सांगू?"

५

बाळ झालं. मुलगा. हात इवलेसे, पण मूठ पक्की. मी बोट दिलं की सोडायचा नाही. आठ दिवस मी दुसरं काही मनात येऊ दिलं नाही.

नवव्या दिवशी मुलगी बाळाला घेऊन पुढच्या खोलीत बसली होती. बाहेरच्या भिंतीला टेकून, तिच्या नेहमीच्या जागी. जावई कचेरीचा फॉर्म भरत होता.

"बाबा, आम्ही नाव बदललं," ती म्हणाली. आणि तिने ते नाव घेतलं.

माझ्या हातातली बशी खाली पडली नाही. मी ती नीट ठेवली. "ते नको," मी म्हटलं.

"का नको? किती छान आहे. कालपासून डोक्यात घोळतंय नुसतं."

"ते सोडून काहीही ठेव. तुझ्या आजोबांचं ठरलं होतं ना?"

"ते जुनाट वाटतंय आता."

"अगं, ते नाव दुसऱ्याचं आहे."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"बाबा!" ती हसायला लागली. "एकदा दुसऱ्याचं म्हणता, एकदा कुणाचंच नाही म्हणता. आधी तुमचं तरी ठरवा."

जावई फॉर्मवरून मान न उचलता म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांची नावं कोरलीत. कुणाला कधी हे नको म्हणालात का? मग आमच्याच वेळी का?"

मला सगळं सांगायचं होतं. वस्ताद, मागची बाजू, त्या आजी, सगळं. बोलायला लागलो तर वाक्यं एकमेकांत अडकायला लागली. मी बोलणारा माणूस नाही. मुलीच्या डोळ्यांत आधी चिडकेपण होतं, मग काळजी आली, आणि ती काळजी बघून मी विषय सोडला. बाळंतिणीला त्रास नको.

"परवा शेवटचा दिवस आहे फॉर्मचा," ती मऊ आवाजात म्हणाली. "तुम्ही जरा पडा बघू."

बाळ तिच्या खांद्यावर होतं. त्याची नजर अजून कुठे ठरत नव्हती, सगळ्या बाळांसारखी इकडेतिकडे तरंगायची. जावयाने ते नाव मोठ्याने म्हणून बघितलं. बाळाने मान वळवली नाही. पण भिंतीत काहीतरी थांबलं. आवाज नव्हता. चालू असलेला आवाज थांबल्यावर कळतं, तसं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते. आमच्या दाराची पाटी मी लग्नाच्या वर्षी कोरली होती. पुढे माझं नाव, खाली बायकोचं. मी स्टूल घेतलं, पेचकस घेतला आणि ती काढली.

मागच्या नावाच्या कडा इतक्या झिजल्या होत्या की ते डोळ्याला जेमतेम दिसत होतं, बोटाला मात्र खोल लागत होतं.

मी ती दुकानात नेली, शिकंज्यात उलटी आवळली आणि कानस घेतली. कोरलेलं अक्षर काढून टाकायचं म्हणजे त्याच्या खोलीइतकं सगळं पितळ उतरवावं लागतं. दोन तास लागले. मनगट सुजलं. गोल गेला, उभी रेघ गेली, शेवटचा आकडा फार वेळ गेला नाही, मग तोही गेला. पॉलिश कागदाने पुसून घेतलं. कोरी, सपाट पाटी. इतकी कोरी मागची बाजू मी जन्मात कधी लावली नव्हती. घरी आणून भिंतीवर बसवली.

संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, खरं सांगू? काल मला काय झालं होतं कळत नाही. आजोबांचंच नाव चांगलं आहे."

जावई म्हणाला, "मी दोन फॉर्म फाडले. आता शेवटचं काय ते सांग."

"तेच. आजोबांचं."

मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. कुणाला दिसू नये म्हणून. सकाळी मी स्वतः जावयाबरोबर कचेरीत गेलो. कारकुनाने शिक्का मारला.

७

चार दिवस घर शांत होतं. पाचव्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीत बसून बाळाला पाय हलवून खेळवत होतो, आणि तो आवाज आला.

दुसरा कुठलाही आवाज असता तर मी उंदीर म्हटलं असतं, पाइप म्हटलं असतं. हा आवाज मी एक्कावन्न वर्षं ऐकला आहे. पितळेवर हत्यार चालतं तेव्हा तो येतो. हत्याराला धार नव्हती. हात शिकलेला नव्हता. एक ओढ, मग थांबणं, मग पुन्हा तीच ओढ, जरा जोरात. काम बिघडलं की नवखा माणूस असाच चिडून कोरतो.

मी बाळाला मुलीकडे दिलं आणि पेचकस घेऊन बाहेर गेलो. दार ओढून घेतलं.

पाटी उलटी केली. मी घासून कोरी केलेल्या जागेवर दोन अक्षरं होती. वाकडी, खोल, कडांना पितळेचा बुरा, बारीक कीस, आलेला. तिसरं अर्धं झालं होतं. बुरा अजून ऊनऊन होता, नुकत्या कोरलेल्या पितळेसारखा. माझ्या नातवाच्या नावात चार अक्षरं आहेत, आणि ही त्यातली पहिली दोन.

भिंतीवरचा तो चौकोन मी बघितला नाही. बघायला हवा होता की नको, मला सांगता येत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यात तिथे भिंत नव्हती एवढंच जाणवलं, आणि भिंत नव्हती तिथे कुणीतरी वाट बघत होतं.

मला वस्तादांचा राग आला. त्यांच्या वस्तादांचा आला. आयुष्यभर मी जागा भरून ठेवली होती, आणि शहाणपणा करून ती रिकामी केली. रिकामी ठेवायची नसते, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

दुकानापर्यंत मी कसा गेलो आठवत नाही. कानशीने ती अडीच अक्षरं उतरवली. किल्लीवाला दारात येऊन उभा राहिला.

"काय रे, कुणाची पाटी?"

"माझीच."

"पायात चप्पलही नाही तुझ्या. उद्या कर."

"उद्या नाही चालणार."

जुनं नाव परत कोरता आलं असतं. हात त्याच्यासाठीच वळला होता. पण मग ते पुन्हा माझ्या मुलीच्या डोक्यात घोळलं असतं, आणि फॉर्म दुरुस्त करता येतो, हे मला कारकुनाने सांगितलं होतं. म्हणून मी कोरणीला धार लावली आणि त्या जागेवर माझं नाव कोरलं. सगळ्यात खोल. जन्मात इतकी सुंदर अक्षरं माझ्या हातून उतरली नव्हती. एकही कड फाटली नाही.

पाटी लावली. स्क्रू पहिल्या झटक्यात बसले.

आवाज बंद झाला, त्याला आता सहा महिने झाले. बाळ मजेत आहे. आजोबांच्या नावाने हाक मारली की आता वळून बघतं, आणि माणसाकडेच बघतं. मुलगी हल्ली कधी कधी पाटी पुसते आणि म्हणते, "बाबा, तुमचं नाव पुसट का दिसतंय हो? आईचं तर तसंच आहे." मी म्हणतो, पितळ आहे, झिजायचंच.

काल संध्याकाळी मी आतल्या खोलीत बाळाला झोपवत होतो. किल्लीवाला दुकान बंद करून आला. त्याने खालूनच, नेहमीसारखी, माझं नाव घेऊन हाक मारली.

मी दारापर्यंत आलो. ओ द्यायला तोंड उघडलं. आणि दिली.

मुलगी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाबा. बाळ उठेल," ती म्हणाली. "खाली काकांनी ऐकलं. मघाशीच एकदा ओ दिलीत ना, पुन्हा कशाला?"